युरोपला द्राक्षं पाठवायची तर तयारी एप्रिलपासून

पुतण्याने यंदा वाटणीतली दोन एकर बाग स्वतः धरली. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची सप्टेंबर-ऑक्टोबरातली छाटणी, उरकल्यावर घरी आला आणि म्हणाला, "काकू, माल एक्स्पोर्टला द्यायचाय. नोंदणी कुठे करायची तेवढं सांगा." मी विचारलं, "एप्रिलात बागेवर काय काय मारलंस?" तो बराच वेळ आठवत बसला. दुकानदाराने दिलं ते मारलं, बिलं कुठेतरी असतील, एवढंच त्याला सांगता आलं. त्या रात्री मी त्याला चार पानं लिहून दिली. हे त्याच पानांवरून लिहिते आहे, कारण हा प्रश्न घेऊन दर हंगामात कुणी ना कुणी येतं, आणि जवळजवळ सगळे ऑक्टोबर उलटल्यावर येतात.

आम्ही दिंडोरी तालुक्यातले. सहा एकर थॉमसन जातीची द्राक्षं. २००३ पासून आमचा माल युरोपला जातो. बाग ह्यांची, वही माझी. कोणत्या दिवशी कोणती फवारणी, किती लिटर पाणी, कोणत्या दुकानाचं बिल, नमुना कधी गेला, पैसे कधी आले, हे सगळं वीस-बावीस वर्षांचं माझ्या कपाटात आहे.

आधी हे समजून घ्या, म्हणजे पुढची कटकट का करायची ते कळेल. "बाजार खुला झाला" असं आपण म्हणतो तेव्हा नक्की काय खुलं झालं? १९९१ च्या जुलैत सरकारने रुपयाची किंमत दोन टप्प्यांत उतरवली. डॉलरचा भाव २१ रुपयांवरून २६ च्या आसपास गेला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि आयात शुल्काचा कमाल दर १५० टक्क्यांवर आणला. तोवर काही वस्तूंवर तो ३०० टक्क्यांच्याही वर होता. डॉलर वधारला की बाहेर विकणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतात, हे कुणालाही कळतं. पण आयात शुल्क उतरल्याचा द्राक्षवाल्याला काय उपयोग? तर काढलेला माल लगेच थंड करायची, म्हणजे प्रीकूलिंगची यंत्रं, पेटीत ठेवायचे सल्फरचे पॅड, मालात उरलेला औषधाचा अंश शोधणारी प्रयोगशाळेतली यंत्रं, यातलं बरंच बाहेरून आणावं लागत होतं. माल बाहेर धाडायचा असेल तर आधी साहित्य आत यावं लागतं. त्याच वर्षी आपल्या द्राक्ष सोसायट्यांनी एकत्र येऊन माल बाहेर विकायला महाग्रेप्स ही संस्था उभी केली.

मग १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली. शुल्कं खाली आणायची, हे तिथे सगळ्यांनी मान्य केलं. त्याच वेळी आणखी एक करार झाला: माणसांच्या, जनावरांच्या आणि झाडांच्या आरोग्यासाठी, शास्त्रीय आधार असेल तर, कोणताही देश आपापल्या मर्यादा ठरवू शकतो. त्यामुळे आज युरोपच्या बंदरावर आपला माल अडतो तो शुल्कापायी क्वचित, अंशापायी जास्त. शुल्क व्यापारी भरून टाकतो, पण मण्यात उरलेला अंश कितीही पैसे भरले तरी निघत नाही.

तो अंश किती बारीक असतो, हे मी पुतण्याला गणित करून दाखवलं. ज्या रसायनाला युरोपने वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. म्हणजे १०० टन द्राक्षांत एक ग्रॅम. एका चाळीस फुटी रिफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये साधारण १३-१४ टन माल बसतो. सात कंटेनर भरून द्राक्षं आणि त्यात चिमूटभर औषध. शेजारच्या टोमॅटोवरची फवारणी वाऱ्याने उडून आली, तरी एवढं भरतं.

एप्रिल: खरड छाटणी आणि वही

म्हणून वही एप्रिलात उघडा. फळ दिसायला अजून सहा-सात महिने असतात, म्हणून या काळात लोक हात सैल सोडतात. २०१० ची गोष्ट ज्यांना आठवते ते सोडत नाहीत.

तेव्हा खरड छाटणीनंतर (एप्रिलात जुन्या काड्या छाटून नवी फूट घेतात ती) वाढ आवरायला, काडीत घड धरावा म्हणून, क्लोरमेक्वाट क्लोराईड सर्रास मारलं जायचं. आम्ही 'सीसीसी' म्हणायचो. ते वापरण्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळेच वापरत होते. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच, त्यामुळे सगळ्यांचे अहवाल स्वच्छ आले. माल जहाजात चढला. युरोपात पोहोचल्यावर तिथल्या प्रयोगशाळांनी ते शोधलं. त्यांची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम. एप्रिल-मे मधलं औषध वेलीच्या लाकडात राहिलं होतं आणि तिथून फेब्रुवारीच्या मण्यात उतरलं होतं.

आमचा अकरा टन माल त्यात होता. दिला होता कन्साइनमेंटवर, म्हणजे तिकडे विकला जाईल तेव्हा हिशेब. एप्रिल गेला, मे गेला. व्यापारी आधी फोन उचलायचा, मग उचलेनासा झाला. जूनच्या शेवटी त्याचा माणूस घरी आला आणि म्हणाला, माल विकला गेला नाही, उलट भाडं आणि विल्हेवाटीचा खर्च निघतोय. सोसायटीचं कर्ज होतं, मोठीची बारावी होती. माझ्या पाटल्या त्या वर्षी गेल्या. गावात असा एकही गट नव्हता ज्यातल्या एखाद्या घराला हा फटका बसला नाही. अहवाल हातात असूनही हे झालं, ते मला आजही सोसत नाही. शेतकऱ्याने नियम मोडला नव्हता. नियमांची यादीच अपुरी होती, आणि अपुऱ्या यादीचा भुर्दंड ज्याच्या हातात यादी करणं नव्हतं त्याने भरला.

त्यानंतर यादी वाढली, तपासणी कडक झाली, आणि खरंच सांगते, त्याने भलं झालं. पण त्या वर्षापासून मी एक नियम धरलाय तो तुम्हीही धरा: दुकानातून आणलेल्या प्रत्येक बाटलीवरचं घटकाचं नाव वहीत लिहायचं. कंपनीचं नाव पुरत नाही. "वाढीचं टॉनिक", "हर्बल", "सेंद्रिय" असं लिहिलेल्या आणि आत काय आहे ते न सांगणाऱ्या बाटलीला बागेत पाय ठेवू द्यायचा नाही. पक्कं बिल घ्यायचं, आणि ते वहीत त्याच पानाला टाचायचं.

सप्टेंबर-ऑक्टोबर: गोडी छाटणी आणि नोंदणी

युरोपला माल द्यायचा तर बाग ग्रेपनेटवर नोंदवावी लागते. ही ऑनलाइन व्यवस्था अपेडाने, म्हणजे केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यातीच्या संस्थेने, २००६ मध्ये सुरू केली. नोंदणी कृषी खात्यामार्फत होते. तालुक्याच्या कृषी कार्यालयात सातबारा, आधार आणि बागेचा नकाशा घेऊन जा. मुदत दरवर्षी जाहीर होते, ती गावातल्या कृषी सहायकाकडून आधीच विचारून ठेवा. नोंदणी प्लॉटची होते, शेतकऱ्याची नव्हे. तुमचे तीन प्लॉट वेगवेगळ्या तारखेला छाटले असतील तर तीन नोंदण्या करा, कारण तिन्हींचा नमुना वेगळा जाणार. एक प्लॉट नापास झाला तर बाकीचे दोन वाचतात.

ही व्यवस्था करते काय, तर पेटीवरच्या कोडवरून ती पेटी कोणत्या प्लॉटमधली आहे ते युरोपातल्या रॉटरडॅम बंदरात बसलेल्या माणसाला कळतं. २००६ च्या आधी एकाच्या चुकीने सगळ्या गावाचा माल संशयात यायचा. अर्थशास्त्राच्या तासाला माझ्या मुलीला शिकवलं होतं की शुल्क कमी झालं की व्यापार वाढतो आणि व्यापार वाढला की देश वाढतो. मी तिला म्हटलं होतं, मधली ओळ गाळलीये तुमच्या सरांनी. शुल्क उतरल्यावर आपल्याकडे कुणीतरी प्रयोगशाळा बांधली, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने कोणतं औषध किती दिवस आधी थांबवायचं याची यादी केली, कृषी खात्याचा माणूस बागेत आला, तेव्हा कुठे आमच्या गावाला खुल्या बाजाराची फळं दिसली. ज्या पिकाला हे मिळालं नाही, त्याला बाजार खुला होऊनही फार काही हाती लागलं नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी: औषध कधी थांबवायचं

संशोधन केंद्राची ती यादी म्हणजे आपल्या बोलण्यातलं 'अ‍ॅनेक्शर ५'. त्यात कोणतं रसायन चालतं, किती प्रमाणात, आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस सोडायचे, हे असतं. या दिवसांना सगळे 'पीएचआय' म्हणतात. यादी दरवर्षी बदलते. गेल्या वर्षीची भिंतीवर चिकटवलेली असेल तर काढून टाका.

डावण्या आणि भुरी या रोगांची भीती मलाही वाटते. डिसेंबरात धुकं पडलं की हे रात्री झोपत नाहीत. पण अशा वेळी शेजाऱ्याने जे मारलं ते आपणही मारायचं, असं करू नका. शेजाऱ्याची छाटणी दहा दिवस आधीची असेल तर त्याचे दिवस वेगळे, तुमचे वेगळे. वहीच्या मागच्या पानावर काढणीची अंदाजे तारीख लिहा, तिथून मागे मोजत या, आणि प्रत्येक औषधासमोर "या तारखेनंतर बंद" असं लिहा. फवारणी करणाऱ्याला ते पान वाचून दाखवा. आमच्याकडे गडी बदलला तेव्हा वर्षभर मीच ते वाचून दाखवायचे.

आणखी एक. सरकारी मर्यादा पाळली म्हणजे काम झालं असं नाही. जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या सरकारी मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालवून घेतात, आणि एका नमुन्यात एकूण किती रसायनं सापडली तेही मोजतात. त्यामुळे "प्रत्येक औषध थोडं थोडं" हा उपाय तिथे उलटतो. सौदा ठरतानाच व्यापाऱ्याला विचारा, माल कोणत्या देशात आणि कुणाच्या दुकानात जाणार आहे.

मण्याचं म्हणाल तर व्यापारी सहसा १८ मिलिमीटरच्या वरचा मागतो. थिनिंगला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, कंजुषी केली की पुढे जीएने (वाढीच्या संजीवकाने) मणी फुगवून भागत नाही. हे सांगणारे बागेत पुष्कळ भेटतात, म्हणून इथे थांबते.

नमुना

काढणीच्या आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन घड घेतो. तुम्ही चांगले घड निवडून द्यायचे नसतात, त्याला फिरू द्या. त्या दिवशी बागेत हजर राहा, नमुन्यावरचा नोंदणी क्रमांक आपल्या प्लॉटचाच आहे का ते डोळ्यांनी बघा, आणि फोटो काढून ठेवा. अहवाल येईपर्यंत कात्री लावायची नाही. आणि नमुना दिल्यावर एकही फवारणी नाही. अहवाल स्वच्छ आला म्हणून काढणीच्या आदल्या आठवड्यात भुरीला "हलकंसं" मारणारे मी पाहिले आहेत. अशा माणसाचं नुकसान त्याच्या एकट्याचं राहत नाही.

नापास झालात तर घाबरून माल लगेच मातीमोल विकू नका. काही दिवस सोडून पुन्हा नमुना देता येतो. तेवढ्यात घड खराब व्हायला लागला तर देशातला बाजार आहेच.

सौदा

या भागात सगळ्यात जास्त घरं बुडाली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सौद्याचे तीन प्रकार. पहिला, बागेत ठरलेला भाव आणि काढणीआधी पैसे. भाव थोडा कमी बसतो, पण रात्रीची झोप मिळते. दुसरा, किमान भावाची हमी आणि तिकडच्या विक्रीनंतर उरलेला हिशेब. तिसरा कन्साइनमेंट. दोन एकरवाल्याने पहिला करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा एकर आणि जवळ एका वर्षाचा खर्च शिल्लक असेल तर दुसरा चालेल. तिसऱ्याच्या नादी कर्जावर बाग करणाऱ्याने लागू नये.

व्यापाऱ्याचा आयात-निर्यात कोड, जीएसटी क्रमांक, पॅकहाऊस कुठलं, गेल्या हंगामात गावातल्या कुणाचा माल घेतला आणि त्याचे पैसे किती दिवसांत दिले, हे विचारायला लाजू नका. करार मुद्रांकावर करा. त्यात वजन कुठे होणार, डाग आणि फुटलेल्या मण्यांची घट किती टक्के, आणि बंदरावर माल अडला तर तोटा कुणाचा, हे तीन मुद्दे हवेतच. बागेत उभं राहून गोड बोलणाऱ्या माणसाकडून हे लिहून घेताना अवघडल्यासारखं होतं. मला झालं होतं, आणि म्हणूनच २०१० मध्ये मी ते लिहून घेतलं नाही.

भाव कसा बघायचा? २०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे ३.४४ लाख टन द्राक्षं गेली आणि त्यांचे ३,४६० कोटी रुपये झाले. भागाकार करा: किलोला साधारण १०० रुपये. हा भाव बंदरावरचा, सगळ्या देशांची सरासरी. त्यातून पनेट (द्राक्षं भरायचे छोटे डबे), पॅड, प्रीकूलिंग, जेएनपीटी बंदरापर्यंतची गाडी आणि व्यापाऱ्याचा वाटा वजा जातो. आम्हाला त्या हंगामात ७२ पडले. हा भागाकार दर वर्षी करून बसा, म्हणजे कुणी १५० चं स्वप्न दाखवलं तर त्याला काय विचारायचं ते कळेल.

स्पर्धाही ध्यानात ठेवा. चिली आणि दक्षिण आफ्रिका यांचे युरोपशी करार आधीपासून होते, २०१३ मध्ये पेरूचा लागू झाला. त्यांचा माल शुल्काविना उतरत गेला, आपल्याला मात्र शुल्क भरत राहावं लागलं. पेरूने किनाऱ्यालगतच्या वाळवंटात पाणी नेऊन द्राक्षं लावली आणि बघता बघता तो जगातल्या मोठ्या निर्यातदारांत गेला. आपल्याला मिळतो तो त्यांचा माल सरत आल्यावरचा मार्च-एप्रिलचा मोकळा काळ. छाटणी फार उशिरा गेली की तोही हातचा जातो. आणि २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा २०२४ च्या हंगामात जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, माल पंधरवडाभर उशिरा पोहोचला. म्हणून साखर उतरलेला पण देठ हिरवा असलेलाच घड पेटीत गेला पाहिजे. पिवळ्या देठाचा घड जास्तीचे पंधरा दिवस काढत नाही.

काढणी आणि ती करणारी माणसं

काढणी पहाटे सुरू करा आणि ऊन चढायच्या आत थांबवा. क्रेट उन्हात ठेवायचे नाहीत. माल पॅकहाऊसला पोहोचल्यावर सहा-आठ तासांत तो चार अंशांखाली यायला हवा, पुढे शून्याच्या जवळ ठेवतात. बागेत घालवलेला प्रत्येक गरम तास तिकडे दुकानात देठ वाळवतो.

आमच्या बागेत पेठ आणि सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या येतात. छाटणीला येतात, थिनिंगला येतात, काढणीला येतात. निर्यातीचा घड हा त्यांच्या बोटांचा असतो. एका घडातले कोणते मणी काढायचे ते ज्या बाईला कळतं, तिच्या हाताला मशीन नाही. आमच्या गावाची भरभराट झाली, स्लॅबची घरं आली, पोरं पुण्याला शिकायला गेली. त्या टोळीतल्या मुली मात्र अजूनही छाटणीच्या मोसमात शाळा सोडून आईबरोबर येतात. हे बघून मला स्वस्थ बसवत नाही. निर्यातीच्या प्रमाणपत्रासाठी ग्लोबलगॅपचा तपासनीस येतो तेव्हा तो मजुरांचं पाणी, संडास, हातमोजे, फवारणीचे मास्क विचारतो. ते त्याच्यापुरतं मांडून ठेवू नका, वर्षभर ठेवा. टोळीचा दर एकराने ठरवताना मुकादमाबरोबर बायकांनाही बसवा, आणि पैसे ज्याच्या त्याच्या हातात द्या. आम्ही पाच वर्षांपासून थिनिंगच्या महिन्यात पोरांसाठी गावातल्या शाळेत सोय करून घेतो. गुरुजींना आधी भेटलं तर होतं.

दार आतूनही बंद होतं

माझ्या माहेरी, लासलगावकडे, कांदा आहे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात सरकारने एका आदेशाने बंद केली. माझ्या भावाची कांदा साठवायची चाळ भरलेली होती. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ते आधी २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला संपलं. त्या काळात परदेशातले कांद्याचे गिऱ्हाईक दुसऱ्या देशांकडे गेले. म्हणून पुतण्याला सांगितलंय की दोन्ही एकर एकाच बाजारावर लावू नकोस. एका एकराचा माल युरोपच्या नियमाने तयार कर, दुसरा देशातल्या बाजाराला ठेव. युरोपच्या नियमाने केलेला माल नाशिकलाही विकता येतो, उलटं मात्र होत नाही.

हिशेब आल्यावर

पैसे जमा झाले की वहीत तीन आकडे लिहा: एकरी खर्च, एकरी निर्यातीचा माल, आणि पैसे यायला लागलेले दिवस. अहवाल, करार आणि पावत्या एका पिशवीत घालून त्यावर वर्ष टाका. मग खरड छाटणीला लागायच्या आधी फवारणीचं ब्लोअर बाहेर काढा. त्याची टाकी, नळ्या आणि नोझल साबणाच्या पाण्याने दोनदा आणि साध्या पाण्याने एकदा धुवा. गेल्या हंगामात कुणी ते भाजीपाल्याला उसनं नेलं असेल तर तीनदा धुवा. वहीचं नवं पान त्याच दिवशी उघडा आणि पहिली ओळ टाकी धुतल्याच्या तारखेची लिहा.